मॉस्को ते मुंबई : लघु तंतुवाद्यवृंद, विसाव्या शतकातील रशियन संगीत आणि संस्थात्मक आश्रयाचा प्रश्न

सारांश

विसाव्या शतकातील रशियन अभिजात संगीताचा मोठा भाग चार ते वीस वादकांच्या लहान तंतुवाद्यवृंदांनी प्रथम वाजविला आणि ध्वनिमुद्रित केला. याच शतकात मुंबईतही कुशल व्हायोलिन व चेलोवादकांची कमतरता नव्हती. तरीही मॉस्कोसारखी दीर्घकाळ टिकणारी लघुवृंदाची परंपरा मुंबईत निर्माण होऊ शकली नाही. प्रस्तुत निबंधात या दोन शहरांतील वाटचालीची तुलना केली आहे. हा फरक वादकांच्या गुणवत्तेतून निर्माण झालेला नसून उपजीविका, सराव, अध्यापन आणि ध्वनिमुद्रण यांच्या संस्थात्मक व्यवस्थेतून निर्माण झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : तंतुवाद्यवृंद, स्ट्रिंग क्वार्टेट, शोस्ताकोविच, बार्शाय, मेहली मेहता, गोमंतकीय वादक, ध्वनिमुद्रण.

प्रस्तावना

मराठीतील संगीतविषयक इतिहासलेखन प्रामुख्याने घराणी, नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपटगीत यांभोवती फिरते. गायक, संगीतकार आणि कवी यांची चरित्रे आपल्याकडे विपुल आहेत. परंतु समूहाने वाजविणाऱ्या वादकांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. पाश्चात्त्य वाद्ये वाजविणाऱ्या भारतीय वादकांच्या बाबतीत तर ही उपेक्षा अधिकच जाणवते.

हा विषय केवळ महानगरातील मूठभर श्रोत्यांचा आहे, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः खरा नाही. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावांतही रेडिओ हळूहळू दैनंदिन जीवनाचा भाग बनला. सकाळची सभा सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची जी संकेतधून ऐकू येई, ती वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने १९३० च्या दशकात तयार केली होती. कॉफमन हे मध्य युरोपातून आलेले ज्यू निर्वासित होते. या धुनेतील व्हायोलिन मुंबईचे मेहली मेहता यांनी वाजविले, असे मानले जाते. म्हणजे मुंबईतील एका छोट्या वादकगटाचे ध्वनिमुद्रण विदर्भातील शेतकऱ्याच्या घरापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पोहोचत होते. वादकांची नावे मात्र श्रोत्यांपर्यंत पोहोचली नव्हती. प्रस्तुत अभ्यासाची प्रेरणा या विसंगतीत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) विसाव्या शतकातील रशियन संगीताच्या जडणघडणीत लहान तंतुवाद्यवृंदांचे स्थान स्पष्ट करणे.
२) मुंबईतील तंतुवाद्यवादकांच्या वाटचालीचा आढावा घेणे व तिचे रशियन परंपरेशी असलेले नाते तपासणे.
३) लघुवृंद टिकण्यास किंवा खंडित होण्यास कारणीभूत असलेल्या घटकांचा शोध घेणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अभ्यास दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

लघु तंतुवाद्यवृंदाचे स्वरूप

गजाने वाजविण्याच्या तंतुवाद्यांचा सर्वांत प्रस्थापित लहान समूह म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट होय. त्यात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतो. वादकांची संख्या पंधरा ते वीसपर्यंत वाढविली आणि खर्जासाठी डबल बेसची जोड दिली म्हणजे लहान तंतुवाद्यवृंद तयार होतो. मोठ्या सिंफनी वाद्यवृंदात एखाद्या वादकाची चूक इतरांच्या आवाजात झाकली जाऊ शकते. क्वार्टेटमध्ये ती सोय नसते. तेथे संचालकही नसतो. स्वर, लय आणि गजाचा दाब यांबाबत चौघांनी परस्परांचे ऐकूनच निर्णय घ्यावयाचे असतात.

या कारणाने असा समूह उत्तम वादक एकत्र आणल्याने लगेच सिद्ध होत नाही. त्याला वर्षानुवर्षे एकत्र सराव करावा लागतो. ध्वनिमुद्रणात ही कसोटी अधिक कठोर होते, कारण मैफलीत क्षणार्धात विरून जाणारा विसंवाद ध्वनिफितीवर कायमचा राहतो. सलग सरावासाठी लागणारा वेळ कोण देणार आणि त्या काळात वादकाच्या घराचा खर्च कसा चालणार, हा या कलेचा मूलभूत आर्थिक प्रश्न आहे.

मॉस्कोतील परंपरा

१९२३ मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेल्या चार तरुणांनी एक क्वार्टेट स्थापन केला. पुढे तो बेथोव्हेन क्वार्टेट या नावाने प्रसिद्ध झाला. दिमित्री त्सिगानोव्ह, वासिली शिरिन्स्की, वादिम बोरिसोव्स्की आणि सेर्गेई शिरिन्स्की हे ते चौघे होत. हे चौघे सुमारे चार दशके एकत्र वाजवीत राहिले. दिमित्री शोस्ताकोविच यांनी एकूण १५ क्वार्टेट लिहिले. त्यांपैकी दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतच्या सर्व रचना या समूहाने प्रथम सादर केल्या. अकरावा ते चौदावा हे चार क्वार्टेट शोस्ताकोविच यांनी या समूहाच्या चार मूळ सदस्यांना एकेक करून अर्पण केले. त्यांतील अकरावा (१९६६) हा दिवंगत वासिली शिरिन्स्की यांच्या स्मृतीस वाहिलेला आहे. १९७४ मध्ये पंधराव्या क्वार्टेटची तयारी सुरू असतानाच सेर्गेई शिरिन्स्की यांचे निधन झाले आणि त्याचे प्रथम सादरीकरण लेनिनग्राडच्या तानेयेव्ह क्वार्टेटने केले.

संगीतकार आणि वादक यांच्यातील इतके दीर्घ साहचर्य संगीताच्या इतिहासात क्वचितच आढळते. संगीतकाराला आपली रचना कोण वाजविणार हे लिहितानाच ठाऊक होते. दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे समूहातील रिकामी जागा भरण्याची व्यवस्था होती. बोरिसोव्स्की निवृत्त झाल्यावर त्यांचे शिष्य फ्योदोर द्रुझिनिन यांनी व्हिओला हाती घेतला. शोस्ताकोविच यांची अखेरची रचना असलेला १९७५ चा व्हिओला सोनाटा याच द्रुझिनिन यांना अर्पण केलेला आहे.

बोरिसोव्स्की यांचे दुसरे शिष्य रुडॉल्फ बार्शाय होते. १९४५ मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या आणि १९५५ पासून बोरोदिन क्वार्टेट या नावाने ओळखल्या गेलेल्या समूहाचे ते आरंभीचे व्हिओलावादक होते. या समूहात वालेंतिन बेर्लिन्स्की यांनी २००७ पर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ, चेलो वाजविला. बार्शाय यांनी १९५५ मध्ये मॉस्को चेंबर ऑर्केस्ट्रा स्थापन केला. प्रोकोफिएव्ह यांच्या पियानोसाठीच्या वीस लघुरचनांपैकी पंधरा त्यांनी तंतुवाद्यांसाठी रूपांतरित केल्या. १९६९ मध्ये लेनिनग्राड येथे शोस्ताकोविच यांच्या चौदाव्या सिंफनीचे प्रथम सादरीकरण त्यांच्याच संचालनाखाली झाले. ही सिंफनी एकोणीस तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि दोन गायक एवढ्यांसाठीच लिहिलेली आहे.

बार्शाय यांचे सर्वांत जास्त वाजविले जाणारे रूपांतर म्हणजे शोस्ताकोविच यांच्या आठव्या क्वार्टेटचे ‘चेंबर सिंफनी’ हे रूप होय. मूळ क्वार्टेट जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळील गोरिश येथे अवघ्या तीन दिवसांत लिहिला गेला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेन शहराशी संबंधित एका चित्रपटाच्या संगीतासाठी शोस्ताकोविच तेथे गेले होते. फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना ही रचना अर्पण केलेली आहे. संपूर्ण रचनेत चार स्वरांची एक आकृती पुनःपुन्हा येते. जर्मन पद्धतीच्या स्वरनामांनुसार ती संगीतकाराच्या नावाची आद्याक्षरे दर्शविते. आपल्या पद्धतीने, ‘सी’ हा स्वर षड्ज मानल्यास, ती रे, कोमल ग, सा आणि मंद्र सप्तकातील शुद्ध नी अशी होते. बळींना वाहिलेल्या रचनेत संगीतकाराने स्वतःची सही अशी सर्वत्र पेरली आहे. इसाक ग्लिकमन या मित्राला लिहिलेल्या पत्रात तर ही रचना आपल्याच स्मृतीसाठी असल्याचा आशय त्यांनी व्यक्त केला होता.

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेलोडिया’ या सरकारी कंपनीने अशा समूहांची ध्वनिमुद्रणे मोठ्या प्रमाणावर काढली. शिक्षण, वेतन, मैफल आणि ध्वनिमुद्रण हे चारही दुवे शासनाच्याच हाती होते. एका गुरूचे शिष्य समूहात येत, समूह नवी रचना वाजवी आणि ती रचना ध्वनिमुद्रित होऊन पुढील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचे. हे वर्तुळ पूर्ण होते, हे मॉस्कोचे वैशिष्ट्य होय.

आश्रय आणि अंकुश

तथापि या व्यवस्थेचे एकांगी कौतुक करणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. जो आश्रय देतो तो अंकुशही ठेवतो, हे राजदरबारांच्या काळापासून आपल्याला परिचित आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, मियास्कोव्स्की आदी संगीतकारांवर जनतेपासून दूर गेल्याचा ठपका ठेवला. शोस्ताकोविच यांना अध्यापनाची पदे गमवावी लागली. त्यांचा चौथा क्वार्टेट १९४९ मध्ये लिहून पूर्ण झाला होता. तो जाहीरपणे वाजविला गेला डिसेंबर १९५३ मध्ये, स्टालिन यांच्या मृत्यूनंतर. आठवा क्वार्टेट लिहिला गेला त्या १९६० सालीच पक्षाचे सदस्यत्व घेण्यासाठी त्यांच्यावर दबाव आला होता. बार्शाय यांनीही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात देश सोडला.

अशा काळात लहान समूहाचे महत्त्व आणखी वाढते. भव्य सिंफनीकडे सत्तेचे लक्ष असे. चार वादकांच्या खोलीत मात्र संगीतकाराला तुलनेने मोकळेपणाने बोलता येई. शोस्ताकोविच यांच्या क्वार्टेटमधील अंतर्मुखता या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

मुंबईतील वाटचाल : पहिला टप्पा

मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केला. १९३४ मध्ये मुंबईत आलेल्या कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीच्या माध्यमातून लहान समूहांच्या मैफली सुरू केल्या आणि मेहता त्यांतील प्रमुख वादक होते. क्वार्टेटचा सराव मेहता यांच्या घरी चाले. १९३६ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र झुबिन मेहता हे संगीत ऐकतच वाढले.

१९४५ नंतर मेहली मेहता न्यूयॉर्क येथे इव्हान गलामियन यांच्याकडे शिकले. गलामियन यांचे स्वतःचे शिक्षण मॉस्कोत कोन्स्तांतिन मोस्त्रास यांच्याकडे झाले होते. रशियन व्हायोलिन परंपरेचा धागा अशा प्रकारे अमेरिकेमार्गे मुंबईशी जोडला गेला. परंतु तो मुंबईत रुजण्यापूर्वीच मेहता इंग्लंडला गेले. १९५५ पासून त्यांनी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वादन केले. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये सामील झाले आणि १९६४ नंतर लॉस एंजेलिस येथे त्यांनी तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिंफनी हा वृंद घडविला. मुंबईत ज्या कार्यासाठी त्यांना स्थिर आधार मिळाला नाही, तेच कार्य परदेशात तीन दशकांहून अधिक काळ चालले. बेथोव्हेन क्वार्टेटमध्ये वादक गेल्यावर शिष्य उभा राहत असे. मुंबईत एक व्यक्ती गेली आणि तिच्याभोवती उभे राहिलेले कार्य ओसरले.

मुंबईतील वाटचाल : चित्रपट आणि गोमंतकीय वादक

मुंबईत तंतुवाद्यवादकांचा खरा साठा होता तो गोमंतकीय समाजात. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत ‘मेस्त्रे’ मुलांना स्वरलेखन वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. या शिक्षणाच्या बळावर अनेक जण मुंबईत आले. लिहिलेली स्वरलिपी पाहताच वाजविण्याचे त्यांचे कौशल्य चित्रपटसृष्टीला मोलाचे ठरले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस आदी संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना तंतुवाद्यांचा भरदार पोत दिला. मराठी श्रोत्यांना ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून परिचित असलेले प्रभाकर जोग हेही वादक आणि संयोजक या दोन्ही नात्यांनी याच ध्वनिमुद्रणविश्वात वावरले.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदविणे आवश्यक आहे. ‘आवारा’ (१९५१) हा चित्रपट १९५४ मध्ये सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि तेथे अफाट लोकप्रिय ठरला. त्यातील गीतांबरोबर मुंबईच्या तंतुवाद्यांचा नादही सोव्हिएत श्रोत्यांपर्यंत पोहोचला. बोरोदिन क्वार्टेटच्या वादकांची नावे ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापली जात होती. मुंबईच्या वादकांची नावे ना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आली, ना ध्वनिमुद्रिकेवर.

अँथनी गोन्साल्विस यांचा प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहे. १९२७ मध्ये गोव्यातील माजोर्डा येथे जन्मलेल्या गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारित स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यात गायन केले. १९४१ मध्ये युद्धामुळे नालचिक येथे स्थलांतरित झालेल्या प्रोकोफिएव्ह यांनी कॉकेशसमधील काबार्दिया प्रदेशाच्या लोकधुनांवर आपला दुसरा क्वार्टेट रचला होता. स्थानिक संगीत आणि पाश्चात्त्य तंतुवाद्ये यांचा मेळ घालण्याची दोघांचीही दृष्टी समान होती. फरक पुढील घटनाक्रमात आहे. प्रोकोफिएव्ह यांचा क्वार्टेट १९४२ मध्ये, ऐन युद्धकाळात, बेथोव्हेन क्वार्टेटने मॉस्कोत वाजविला आणि तो आजही जगभर वाजविला जातो. गोन्साल्विस यांचा वृंद टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि परतल्यानंतर चित्रपटसंगीतापासून दूरच राहिले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गीतात त्यांचे नाव आले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. परंतु त्या गीतावर ठेका धरणाऱ्या कोट्यवधी श्रोत्यांना हे एका खऱ्या व्हायोलिनशिक्षकाचे नाव आहे, याची जाणीव क्वचितच होती.

चित्रपटसृष्टीने वादकांना रोजगार दिला, हे नाकारता येत नाही. पण तो रोजगार शिफ्टगणिक होता. वादक दिवसभर वेगवेगळ्या गीतांसाठी वेगवेगळ्या समूहांत वाजवीत. चार ठरावीक माणसांनी एकच रचना महिनोन्‌महिने घोटण्यास त्यात वाव नव्हता. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रासारख्या उपक्रमांनी हौसेच्या बळावर ही जाणीव जिवंत ठेवली. १९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि संगणकीय ध्वनिमुद्रणाचा प्रसार झाला, तेव्हा तंतुवाद्यवादकांचा मुख्य रोजगारच घटला. पर्यायी संस्था नसल्याने अनेक कुशल हातांचे ज्ञान पुढील पिढीकडे गेले नाही.

२००६ नंतरची स्थिती

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. केंद्राचे प्रमुख खुशरू संतूक आणि व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे त्याचे संस्थापक होत. १९६२ मध्ये कझाकस्तानात जन्मलेल्या बिसेनगालिएव्ह यांचे शिक्षण मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत झाले. त्यांचे गुरू वालेरी क्लिमोव्ह हे दाविद ओइस्त्राख यांचे शिष्य आणि १९५८ च्या पहिल्या चायकोव्स्की स्पर्धेतील व्हायोलिनचे विजेते होते. गलामियन यांच्यानंतर रशियन परंपरेचा हा दुसरा धागा मुंबईत आला.

या वृंदातील निवासी वादकांचा लहान चेंबर ऑर्केस्ट्राही कार्यरत आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या संगीत अकादमीत मुलांना रशियन अध्यापनपद्धतीने लहान वयापासून शिक्षण दिले जाते. आरंभी वृंदातील भारतीय वादकांची संख्या कमी होती आणि कझाकस्तानसह इतर देशांतील वादकांवर भिस्त होती, यावर टीका झाली आहे. ही टीका गैरलागू नाही. मात्र ज्या शहरात वादकांच्या पिढ्या संस्थेअभावी विरल्या, तेथे आरंभ बाहेरील शिक्षकांपासूनच करावा लागला, हेही ध्यानात घ्यावे लागते. या प्रयत्नाचे यश मैफलींच्या संख्येवरून ठरणार नाही. अकादमीत शिकलेली मुले पंधरा-वीस वर्षांनी त्याच वृंदाच्या खुर्च्यांवर बसतात की नाही, यावरून ते ठरेल.

तौलनिक विवेचन

विदर्भातील वाचकाला ही तुलना परकी वाटू नये. आपल्या गावागावांतील भजनी मंडळ हाही एक लघुवृंदच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थना व खंजिरीभजन यांना संघटनेची जोड दिली. प्रार्थनेची वेळ ठरलेली, साहित्य गावाच्या मालकीचे, म्हातारे गायक थकले की मुले पुढे येणार, अशी ही रचना होती. महाराजांच्या निर्वाणानंतर (१९६८) अनेक दशके लोटली तरी ती भजने गावांत गायिली जातात. याचे श्रेय महाराजांच्या प्रतिभेइतकेच त्या रचनेलाही द्यावे लागते. भजनी मंडळाला शासनाचे वेतन नाही आणि कोणाचा अंकुशही नाही. त्याचा आधार गाव आहे. चेंबर संगीताला असा लोकाधार आपल्याकडे लाभला नाही आणि मॉस्कोसारखा राजाश्रयही लाभला नाही. दोन्हींच्या अभावी ते बाजाराच्या स्वाधीन झाले.

निष्कर्ष

१) विसाव्या शतकातील रशियन तंतुवाद्यसंगीताच्या यशामागे संगीतकाराच्या प्रतिभेबरोबरच बेथोव्हेन क्वार्टेट, बोरोदिन क्वार्टेट आणि मॉस्को चेंबर ऑर्केस्ट्रा यांसारख्या दीर्घायुषी समूहांचा मोठा वाटा आहे.

२) या समूहांच्या स्थैर्यामागे शिक्षण, वेतन, मैफल आणि ध्वनिमुद्रण यांची सलग साखळी होती. त्याच साखळीने कलावंताच्या स्वातंत्र्यावर मर्यादाही घातल्या.

३) मुंबईत गुणवत्ता, ध्वनिमुद्रणाची साधने आणि रशियन परंपरेशी संपर्क हे तिन्ही उपलब्ध होते. त्यांना जोडणारी स्थायी संस्था नव्हती. परिणामी बहुतेक वादकांचे कार्य चित्रपटगीतांत अनामिक राहिले.

४) २००६ नंतर मुंबईत अशा संस्थेचा आरंभ झाला आहे. स्थानिक विद्यार्थ्यांची अखंड पिढी तयार होणे, हीच तिच्या यशाची कसोटी होय.

५) चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविलेल्या वयोवृद्ध वादकांच्या मुलाखती, त्यांच्या हस्तलिखित स्वरलिपी आणि करारपत्रे यांचे जतन तातडीने होणे आवश्यक आहे. त्या पिढीतील बहुसंख्य वादक आज हयात नाहीत आणि त्यांच्या घरांतील कागदपत्रे रद्दीत जाण्याचा धोका आहे. विद्यापीठांच्या इतिहास व संगीत विभागांनी हे कार्य संयुक्तपणे हाती घेतल्यास महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघू शकेल.